फ्रीझर हवा असेल तर फ्रीझर मागू नका

अमेरिकेत येऊन पंधरा-वीस वर्षं झाली, घराचे हप्ते निम्मे फिटले, मुलं कॉलेजला गेली की मराठी माणसाला दोनपैकी एक गोष्ट सुचते: महाराष्ट्र मंडळाची निवडणूक लढवणं किंवा समाजसेवा. पहिलीला आवाज लागतो. तुमचा बेताचा, म्हणून तुम्ही दुसरी निवडली असणार आणि एव्हाना कुठल्या तरी चर्चच्या तळघरात दर शनिवारी गरजूंना बटाटे, डबाबंद बीन्स आणि गोठवलेली कोंबडी वाटत असणार. उत्तम. आता तिथला जुना फ्रीझर बंद पडेल. पडतोच. मग कुणीतरी म्हणेल, "आपल्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, कम्युनिटी फाउंडेशन आहे की! अर्ज करा." इथून पुढे माझं ऐका, कारण या खात्यात माझी दोन वर्षं उमेदवारी झाली आहे.

मी राहते इंडियानात. इथे ९२ काउंट्या आहेत आणि एकही काउंटी फाउंडेशनवाचून राहिलेली नाही. औषधवाल्या लिली घराण्याने १९३७ साली काढलेल्या लिली एन्डाउमेंटने १९९० मध्ये योजनाच आणली: गावोगावच्या लोकांनी निधी जमवावा, आम्ही त्यात भर घालतो. त्यामुळे जिथे एक सिग्नल आणि दोन ट्रॅक्टरची दुकानं आहेत, तिथल्या लोकांनाही हक्काचं फाउंडेशन आहे. कारभार आपल्या देवस्थानच्या कायम ठेवीसारखा. मुद्दलाला हात लावायचा नाही, गुंतवणुकीतून साधारण चार-पाच टक्के दरसाल स्थानिक संस्थांना वाटायचे. फरक इतकाच की इथे प्रसादासाठी अर्ज ऑनलाइन करावा लागतो आणि त्याला मुदत असते.

ही कल्पना मूळची क्लीव्हलंडची. फ्रेडरिक गॉफ नावाच्या बँकरने १९१४ मध्ये पहिलं फाउंडेशन काढलं, ते मेलेल्या माणसांना कंटाळून. श्रीमंत लोक मृत्युपत्रात पैसे ठेवत आणि ते कशासाठी वापरायचे तेही कायमचं लिहून जात. सेंट लुइसचे महापौर ब्रायन मुलनफी १८५१ साली वारले. त्यांनी इस्टेटीचा तिसरा हिस्सा ठेवला होता पश्चिमेकडे वसाहतीला निघालेल्या वाटसरूंसाठी. पुढे रेल्वे आली, बैलगाड्यांचे तांडे संपले, पैसे मात्र वाटसरूंची वाट बघत राहिले. गॉफचं म्हणणं सरळ होतं. पैसा गावाच्या समितीकडे द्या, काळ बदलला की समिती हेतू बदलेल.

कल्पना फारच चांगली होती, त्यामुळे जिवंत माणसांनी तिच्यात लगेच सुधारणा केल्या. आज तुमच्या काउंटीच्या फाउंडेशनची वेबसाइट उघडा. निधीची नावं वाचता वाचता चहा निवेल. अमक्या शाळेच्या बँडसाठी, तमक्या दफनभूमीच्या गवतासाठी, वाचनालयासमोरच्या ट्यूलिपसाठी, आणि शिष्यवृत्त्या तर विचारू नका. शिवाय काही दात्यांचे सल्लानिधी (डोनर-अ‍ॅडव्हाइज्ड फंड) असतात, म्हणजे पैसा फाउंडेशनकडे, पण कुणाला द्यायचा ते दाता सुचवणार. त्यांत पैसे टाकले की करात सूट त्याच वर्षी मिळते, संस्थेला द्यायला मात्र कायद्याने मुदत नाही. एखाद्या घराण्याच्या किंवा कंपनीच्या खाजगी फाउंडेशनला दरवर्षी ५ टक्के बाहेर काढावेच लागतात. सल्लानिधीला असली घाई नसते. हे सगळं वजा जाता जो मोकळा पैसा उरतो, त्यासाठी तुम्ही, बेघरांचा निवारा, कुत्र्यामांजरांचा निवारा आणि नाट्यमंडळ एकाच रांगेत उभे आहात. ट्यूलिप रांगेत नाहीत, त्यांची सोय झालेली आहे.

तर अर्ज. 'फ्रीझर बंद पडला आहे, नवा हवा, किंमत अमुक' असं एका ओळीत लिहायचा मोह होईल. आवरा. ताकाला जाऊन भांडं लपवू नये ही म्हण आपल्याकडची. इथे भांडं तर लपवायचंच, ताकाचंही नाव काढायचं नाही. 'काउंटीच्या दुग्धजन्य सक्षमतेत भर' असं काहीतरी म्हणायचं. पहिल्या खेपेला मी भाबडेपणाने लिहिलं की फ्रीझर आला म्हणजे कोंबडी नासणार नाही. शेरा आला: हे आउटपुट (म्हणजे केलेलं काम) झालं, आउटकम (म्हणजे त्याने लोकांच्या आयुष्यात पडलेला फरक) कुठे आहे? दुसऱ्या खेपेला लिहिलं की कोंबडी न नासल्यामुळे कुटुंबांचा समाजव्यवस्थेवरचा विश्वास दृढ होईल. हे आवडलं. विश्वास मोजणार कसा, या रकान्यात मी 'सर्वेक्षण' लिहून बसले. त्यामुळे आता दर शनिवारी, एका हातात बटाट्यांची पिशवी आणि कडेवर पोर असलेल्या बाईला मी विचारते, "एक ते पाचमध्ये तुमचा विश्वास किती?" ती बिचारी पाच म्हणते आणि विचारते, "कोंबडी संपली का?"

कागदपत्रांचंही सांगते. तुमचं वर्षाचं उत्पन्न ५०,००० डॉलरच्या आत असेल तर आयआरएसला, म्हणजे इथल्या करखात्याला, नुसतं ९९०-एन नावाचं ई-पोस्टकार्ड पुरतं. (ते सलग ३ वर्षं विसरलात तर करमाफी आपोआप जाते, तेवढं लक्षात ठेवा.) म्हणजे अमेरिकन सरकारला तुमच्याबद्दल जे जाणून घ्यायचं आहे ते पोस्टकार्डावर मावतं. फाउंडेशनचं कुतूहल जरा मोठं. संस्थेची घटना, बोर्डाची यादी, हितसंबंधांबाबतचं धोरण, तीन वर्षांचे हिशेब, आणि बोर्डातल्या शंभर टक्के सभासदांनी स्वतः देणगी दिली आहे का याची खातरी. आमच्या बोर्डात एक निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर आहेत. ते महिन्याला पाच डॉलर देतात आणि रोज सकाळी सगळी पोती उचलतात. पोत्यांना रकाना नाही.

हिशेबात शिल्लक किती दाखवावी, हा नाजूक प्रश्न. तीन महिन्यांचा खर्च गाठीला नसेल तर तुम्ही डळमळीत, वर्षभराचा असेल तर तुम्हाला पैशांची गरजच काय? या दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक मंगळवार असतो. त्या दिवशी अर्ज करावा.

मग फाउंडेशनच्या प्रोग्रॅम ऑफिसर, म्हणजे अर्ज पारखणाऱ्या बाई, भेटीला येतील. अतिशय चांगल्या असतात. सांभाळून वागा, कारण चिडायला जागाच देत नाहीत. आमच्याकडे आल्या त्या बंद फ्रीझरसमोर हळहळल्या, झाकण उघडून वास आल्यावर पुन्हा हळहळल्या आणि वही काढून म्हणाल्या, "अनुदान संपल्यावर हा कार्यक्रम कसा चालू राहील?"

"फ्रीझर का? विजेवर," मी म्हणाले.

त्यांनी ते लिहून घेतलं.

निकाल तीन महिन्यांनी आला. अभिनंदन! फ्रीझर म्हणजे भांडवली खर्च, तो या फेरीत बसत नव्हता. पण आमच्यात 'संभाव्यता' दिसल्यामुळे क्षमतावृद्धीसाठी, म्हणजे संस्था चालवायची आमची ताकद वाढावी म्हणून, अनुदान मंजूर झालं होतं. ते सल्लागारावरच खर्च करायचं, अशी अट. रक्कम बघितली, तर तेवढ्यात दोन फ्रीझर आले असते आणि कोंबडीही. सल्लागार आला. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पाहिले होते, हा झूमवरून हाकत होता. त्याने आम्हाला पाच वर्षांचा आराखडा करून दिला. दोनशे पानं, जाड पुठ्ठ्याची फाइल, मुखपृष्ठावर हात वर केलेली, आमच्यापैकी कुणीही नसलेली माणसं.

फ्रीझरचं म्हणाल तर, चर्चमधल्या एका आजींनी घर विकायला काढलं आणि तळघरातला फ्रीझर घेऊन जा म्हणाल्या. दोन माणसं, एक पिकअप, अर्धा तास. आउटकम विचारायचं त्यांना सुचलं नाही.

तळघराची फरशी मोरीकडे उतरती आहे, त्यामुळे फ्रीझर एका अंगाला कलत होता आणि दार आपोआप उघडायचं. लाकडाचे तुकडे लावून पाहिले, जाडी जमेना. आराखड्याची फाइल बरोबर बसली. ड्रायव्हरकाकांनी वर पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध.

मागच्या आठवड्यात अंतिम अहवाल भरला. 'अनुदानामुळे संस्थेच्या स्थैर्यात फरक पडला का?' होय, लक्षणीय. 'मोजमापाची पद्धत?' पाणसळ.