दहावीच्या ‘२० गुणांत पास’ मेसेजबद्दल खुलासा

‘यंदापासून दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुणांवर पास’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

राज्य अभ्यासक्रम आराखडा २०२४ मधली मूळ सूचना अशी: या विषयांत २० ते ३५ च्या दरम्यान गुण पडले, तर विद्यार्थ्याने फेरपरीक्षा देऊन ३५ गाठावेत, नाहीतर तसाच अकरावीला प्रवेश घ्यावा. मात्र तसा प्रवेश घेतला, तर पुढे गणित-विज्ञानावर आधारित शिक्षण घेता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर येईल. मेसेजमधून नेमका हा शेराच गळालाय! दहावीत ‘मला आर्ट्सच घ्यायचंय’ म्हणणारं पोर बारावीनंतर नर्सिंगचा फॉर्म शोधतं, तेव्हा तो आडवा येणार. सूचनेवर वाद जरूर घाला, माझाही आक्षेप आहेच.

पण ती अजून लागू नाही. नवा अभ्यासक्रम दहावीला येईल तेव्हाच हा बदल होईल, असं राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने स्पष्ट केलंय. फेब्रुवारी-मार्च २०२५ च्या परीक्षेलाही ३५ चीच अट होती. ‘वीसच हवेत’ म्हणून मुलं आत्ताच विज्ञानाचं पुस्तक मिटतील. तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.