लोदच्या जिन्यातला वाडगा

आज सकाळी इस्रायलमधल्या लोद शहरातून आतेबहिणीचा फोन. आत्याच्या समोरच्या दारातली अरब बाई घर सोडून गेली. मालकानं फ्लॅट विकला, नव्या मालकानं तिला ठेवलं नाही. आत्या सकाळपासून जेवलेली नाही. आणि आमच्याच घरच्या ग्रुपवर एकानं लिहिलंय, "बरं झालं, जिना मोकळा झाला." त्याला चार अंगठे!

अलिबाग-नवगावची बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू माणसं ना आपण? कोकणात पिढ्यानपिढ्या मुसलमान शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून राहिलो, कुणी हाकललं नाही आपल्याला. आणि आपणच हे लिहायचं?

मे २०२१ आठवा. रमजान चालू होता. लोदमध्ये ज्यू-अरब दंगल पेटलेली, त्यात गाझाची रॉकेटं. आत्याच्या जुन्या इमारतीत सुरक्षित खोली नाही, भोंगा झाला की सगळे जिन्यात. आत्याचे गुडघे गेलेले. तिला हाताला धरून पायरीवर बसवायची ती हीच बाई, मांडीवर खजुराचा वाडगा घेऊन. मी इथं ठाण्यात फोन कानाला लावून बसलेली. आत्या घाबरली की "देवा, देवा" म्हणते. तिसऱ्या रात्री फोनवर दोन आवाज आले, "देवा, देवा." मराठीचा गंध नसलेली ती बाईही म्हणत होती.

हो, सिनेगॉग जाळलं, ज्यूंच्या गाड्या जाळल्या, दगड लागलेला एक ज्यू माणूस आठवड्यानं गेला. मान्य. पण त्याआधी एक अरब तरुण गोळीनं गेला होता. शेजारच्या दहमशमध्ये रॉकेटनं मेले ते बाप-लेक अरबच होते. आणि त्या ज्यू माणसाचं मूत्रपिंड जेरुसलेमच्या एका अरब बाईला दिलं, हे का नाही टाकत कुणी ग्रुपवर?

त्याच ग्रुपवर पुढं, "शहर आपलं" म्हणे. जुलै १९४८ मध्ये लोदमधून हजारो अरबांना हाकललं, आपली माणसं तिथं राहायला गेली ती त्यानंतर. आत्याला हे त्याच बाईनं सांगितलं होतं, जिन्यातच, अजिबात न रागावता. आत्या गप्प राहिली. मी तरी काय बोलले असते?

वाडगा आत्याकडेच राहिलाय. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आजीची शिकवण. दर वेळी आत्या त्यात काहीतरी घालूनच पाठवायची. आजही बहिणीला नारळ आणायला सांगितलाय, चिकाचा हलवा करायचा म्हणते. नवा पत्ता कुणाकडेच नाही.