तुझं तुझं कर, मी आहे

"आता व्यायाम घरच्या घरी, तुमचं तुम्ही करा," असं सांगून फिजिओ मोकळी झाली. आमच्या डोंबिवलीच्या वन बीएचकेत माझं मी काही करायचं तर पहाटे तीनला उठावं लागेल, आणि तेव्हाही आईला जाग येईलच.

माझे पाय पगारावर आहेत, कामावर नाहीत. त्यामुळे ऑफिस गाठणं, भाजी आणणं, चिडून दुसऱ्या खोलीत निघून जाणं ही सगळी खाती खांद्यांकडे. खांदे संपावर गेले की कारखाना बंद. म्हणून हा लाल रबरी पट्टा. (पिवळा मऊ, लाल त्याच्या वरचा. पिवळ्यातून मी पास झालेय.) तो बंद दाराच्या कडीला अडकवायचा आणि दोन्ही टोकं आपल्याकडे ओढायची.

पहिल्या दिवशी ओढला. पट्टा तसूभरही ताणला नाही, मीच दाराकडे निघाले. ब्रेक लावलेले होते, शपथ! पण माझ्या व्हीलचेअरचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबून बसणारी एक दांडी. टायरात हवा कमी असली की ती नुसती टेकल्यासारखं करते. मागे गेले, ओढलं, पुन्हा दाराशी. चौथ्या खेपेला आईने विचारलं, "कुणी यायचंय का?"

भावाने सायकलचा पंप आणेपर्यंत डंबेल. म्हणजे तूरडाळीची किलोची दोन पाकिटं. शुक्रवारपर्यंत उजवं पाकीट पाऊण किलोवर आलं, कारण आमटीला डाळ रोज त्यातूनच जायची. उद्या माझा डावा दंड जास्त भरला तर दोष आमटीचा. मग पाण्याच्या बाटल्या घेतल्या. पैकी एक सोफ्याखाली घरंगळली. ती झाडूने बाहेर काढताना जो घाम निघाला, तो फिजिओच्या कागदावर कुठेच नाही.

पण खरी कसोटी काहीच न करण्याच्या व्यायामाची. सतत बसून कातडीला जखमा होऊ नयेत म्हणून दर अर्ध्या तासाने कोपरं गुडघ्यांवर टेकून दोनेक मिनिटं पुढे वाकून राहायचं. आधी हातांवर जोर देऊन अंग उचलायला सांगायचे, आता म्हणतात खांदे जपा. तर मी अशी वाकलेली, मान खाली, केस तोंडावर, आणि नेमक्या शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या. त्यांनी हळूच वाटी ठेवली, माझ्या पाठीवरून हात फिरवला. "धीर सोडू नकोस गं."

मी खालूनच म्हटलं, "काकू, अजून चाळीस सेकंद आहेत."

काकूंना रडूच फुटलं.

रात्री त्यांनी मोबाइलवर मुरलीकांत पेटकरांची माहिती पाठवली. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेला हा सांगली जिल्ह्यातला जवान, १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहून सुवर्णपदक घेऊन आला. वेळ ३७.३३ सेकंद. खाली काकूंनी हात जोडलेले सहा. पेटकरांपुढे माझेही हात जोडलेलेच आहेत. पण ३७ सेकंदांत माझा पट्टा चाकाच्या तारांमधून सुटतसुद्धा नाही. आणि त्या तलावात कुणाची आई "गार लागेल, पुरे आता" म्हणत काठावर टॉवेल घेऊन उभी नसावी, असा माझा अंदाज आहे.

काल एकदाचा पंप आला. टायर टणक, ब्रेक कच्चकन बसले. कडीला पट्टा अडकवला, डोळे मिटले आणि ओढला. ताणला! एक, दोन, तीन... चक्क दहा. खुर्ची जागची हलली नाही. आता हे घर, हा पट्टा आणि मी, मध्ये कुणी नाही, अशा थाटात मी मागे वळून पाहिलं.

आई पदर खोचून, एक पाय भिंतीला लावून, खुर्चीच्या दोन्ही मुठी गच्च धरून उभी होती. कपाळावर घाम.

"तू कर तुझं तुझं," ती धापा टाकत म्हणाली, "मी आहे."