सूर्याचा ॐ, लाखभर लहरी आणि आत्याची थांबलेली माळ

गेल्या महिन्यात आमच्या लोकमान्य नगरच्या ग्रुपवर एक संदेश आला. मूळ हिंदीतला, कोणीतरी मराठी करून टाकलेला. दोन दिवसांत तोच मला भजनी मंडळाकडून आला, माहेरच्या ग्रुपवर आला, भाचीनेही पाठवला. इंदुरात मराठी घरं एकमेकांना अशी जोडलेली आहेत की एका घरी आलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोहोचते.

संदेशात म्हटलं होतं ते थोडक्यात असं. एका अमेरिकन शास्त्रज्ञाने जगभरचे मंत्र प्रयोगशाळेत तपासले आणि गायत्री मंत्रातून सेकंदाला 1,10,000 ध्वनिलहरी निघतात, सर्वांत जास्त, असं त्याला आढळलं. नासाने सूर्याचा आवाज टिपला आणि तो ॐ निघाला. मंत्राचा एक उच्चार जरी चुकला तरी फळ उलटतं, घरावर संकट येतं. म्हणून बायकांनी आणि गुरू न केलेल्यांनी तो म्हणू नये, मोबाइलवर दिवसभर लावून ठेवावा, फळ तेवढंच मिळतं. चाळीस दिवसांत बीपीची गोळी सुटते. आणि शेवटी, हा संदेश 11 जणांना पाठवा.

एरवी मी असलं वाचून पुढे गेले असते. पण माझ्या आत्याने तो वाचला आणि जप थांबवला. आत्या 78 वर्षांची आहे. गायत्री तिला कोणी दिलेली नाही. लहानपणी आजोबा सकाळी संध्येला बसत, पुटपुटत जप करत, आणि ही चूल पेटवता पेटवता ऐकत असे. तेव्हापासून ती म्हणत आलेली. अकरा दिवस तिची गोमुखी, म्हणजे आत हात घालून जप करायची माळेची पिशवी, देवघराच्या खिळ्याला तशीच लटकलेली पाहिली, तेव्हा मी तिच्याजवळ बसले आणि तो संदेश एकेक ओळ घेऊन वाचला. तेच इथे लिहिते आहे.

सेकंदाला 1,10,000 लहरी

मी मंडळात पेटी वाजवते. तानपुरा जुळवायला माझ्या फोनवर स्वर मोजायचं ॲप आहे, गाणाऱ्या बहुतेकांकडे असतं. आत्याला म्हटलं, म्हण बघू काहीतरी. गायत्री म्हणायला ती तयार नव्हती, म्हणून ‘शांत हो श्रीगुरुदत्ता’ म्हण म्हटलं. टेंबेस्वामींची ही करुणात्रिपदी, दत्ताची प्रार्थना, आमच्या गावात नाना महाराज तराणेकरांमुळे घराघरांत पोहोचली, आत्याला ती झोपेतही येते. ती म्हणत होती आणि काटा 190 ते 215 च्या दरम्यान हलत होता. म्हणजे सेकंदाला दोनशेच्या आसपास कंपनं. मग तिला विचारलं, आज भाजी काय करू? ‘दोडकी आणलीत ना?’ म्हणाली. काटा तिथेच.

ही कंपनं गळ्याची. मंत्र बदलला म्हणून ती बदलत नाहीत. बाईचा आवाज साधारण दोनशेच्या आसपास, पुरुषाचा शंभर-सव्वाशेच्या. आवाजात त्याच्या वरचे उपस्वर असतात, तेही काही हजारांपर्यंत जाऊन विरत जातात. माणसाच्या कानाला 20 ते 20,000 पर्यंतचंच ऐकू येतं. 1,10,000 ही वटवाघळांच्या हद्दीतली पट्टी आहे. माणसाचा गळा तिथवर जात नाही आणि गेला असता तरी शेजारी बसलेल्याला शांतताच ऐकू आली असती.

पण मला यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागली. जपाचे तीन प्रकार आपल्याकडे सांगितले आहेत. मोठ्याने तो वाचिक, नुसते ओठ हलतात तो उपांशु, आणि मनातल्या मनात तो मानस. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात (85 वा श्लोक) जपयज्ञ विधियज्ञाच्या, म्हणजे विधीने करायच्या यज्ञाच्या, दहापट श्रेष्ठ म्हटला आहे, उपांशु शंभरपट आणि मानस हजारपट. मानस जपात आवाजच नाही. लहरींवर मंत्राची किंमत ठरत असती तर ज्याला परंपरेने सर्वांत वर बसवलं त्याच्या वाट्याला शून्य आलं असतं. संदेश लिहिणाऱ्याला मंत्राचा मान वाढवायचा असेल, मी त्याच्या हेतूवर शंका घेत नाही. पण त्याने मंत्राला लहरींच्या तराजूत घातलं, आणि ज्यांनी मंत्र जपून आपल्यापर्यंत आणला ते त्याला मनाच्या आत नेत होते.

नासा आणि सूर्याचा ॐ

यात थोडं खरं आहे आणि ते सुंदर आहे, म्हणून सावकाश सांगते. सूर्य खरंच थरथरतो. त्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या लयीत वरखाली होतो, हे 1960 च्या दशकात लक्षात आलं. डिसेंबर 1995 मध्ये युरोपच्या आणि अमेरिकेच्या अवकाश संस्थांनी मिळून ‘सोहो’ नावाचं यान सोडलं, त्याने ही हालचाल बारकाईने मोजली. मोजली ती प्रकाशावरून. मधल्या पोकळीतून आवाज प्रवास करत नाही, त्यामुळे तिथे माइक धरून काही टिपण्याचा प्रश्नच येत नाही. मग शास्त्रज्ञांनी चाळीस दिवसांची ती मोजमापं घेतली, त्यांचा वेग सुमारे 42,000 पट वाढवला, तेव्हा आपल्या कानाला ऐकू येईल अशी एक गुणगुण तयार झाली. पाच मिनिटांना एक हेलकावा, त्याला 42,000 ने गुणलं की पुरुषाच्या खर्जाजवळचा स्वर येतो. तंबोऱ्याची एकच तार लांबून ऐकावी तसं ते वाटतं. त्यात ज्याला ॐ ऐकू येतो त्याला येवो, मलाही क्षणभर आला. पण नासाने ॐ टिपला असं नासाने कुठे म्हटलेलं नाही.

आणि मांडूक्य उपनिषद बारा मंत्रांचं, सगळं ॐकारावर. अ, उ, म या तीन मात्रा सांगून झाल्यावर ते चौथ्याकडे येतं आणि त्याला ‘अमात्र’ म्हणतं. ज्याला मात्राच नाही, उच्चारच नाही. त्याला कुठल्या यानाचा दाखला जोडणार?

उच्चार चुकला तर संकट

आत्याची माळ या ओळीने थांबली. ती मला म्हणाली, ‘अगं, कवळी बसवल्यापासून माझ्या तोंडून वरेण्यं नीट निघत नाही. वरेणियं होतं. मी चार वर्षं चुकीचं म्हणत्येय. सुनीलचं ते पायाचं झालं, ते त्यामुळेच का गं?’ सुनील म्हणजे तिचा मुलगा. स्कूटरवरून पडला होता, आता बरा आहे. अकरा दिवस ही बाई मनात हे घेऊन बसली होती.

या भीतीचं मूळ एका जुन्या श्लोकात आहे, ‘मन्त्रो हीनः स्वरतो वर्णतो वा’. स्वराने किंवा वर्णाने चुकलेला मंत्र वाणीचं वज्र होऊन यजमानाला मारतो, असा त्याचा अर्थ. त्याला गोष्ट जोडलेली आहे. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता. ‘इन्द्रशत्रु वाढो’ असं म्हणून त्याने यज्ञात आहुती दिली. पण ‘इन्द्रशत्रु’ या शब्दाचा आघात शेवटी ठेवायचा तो सुरुवातीला पडला. शेवटी असता तर अर्थ ‘इंद्राला मारणारा’ झाला असता. सुरुवातीला पडल्यामुळे ‘इंद्र ज्याला मारणार तो’ असा झाला. आणि इंद्राने त्या पुत्राला, वृत्राला, मारलं.

गोष्ट पुन्हा वाचा. तिथे यज्ञ आहे, यजमान आहे, दुसऱ्याला मारायचा हेतू आहे आणि अर्थ उलटा करणारा स्वर आहे. वैदिकांनी स्वर जपला तो याच काळजीने. पदपाठ, क्रम, जटा, घन असं उलटसुलट म्हणून एकेक अक्षर त्यांनी जागेवर ठेवलं. युनेस्कोने 2003 मध्ये या वेदपठणाला मानवतेचा वारसा म्हणून गौरवलं ते योग्यच झालं. असा घन म्हणणाऱ्या घनपाठ्याने उच्चार चुकवू नये, ते त्याचं व्रत आहे. पण तो नियम देवघरासमोर पाटावर बसलेल्या, कोणाचं वाईट न चिंतणाऱ्या म्हाताऱ्या बाईवर उगारायचा, हे कुठलं शास्त्र? याच देशात वाल्याचा वाल्मीकी ‘मरा मरा’ म्हणत झाला ही गोष्ट आपण लहान मुलांना सांगतो.

आता वरेणियं. ऋग्वेदातला हा मंत्र (3.62.10) विश्वामित्रांचा. छंद गायत्री, म्हणजे आठ अक्षरांचे तीन चरण, एकूण चोवीस. मी आत्याला बोटांवर मोजायला लावलं. भर्-गो-दे-व-स्य-धी-म-हि, आठ. धि-यो-यो-नः-प्र-चो-द-यात्, आठ. आणि तत्-स-वि-तुर्-व-रे-ण्यम्. तिचं बोट सातावर थांबलं. पुन्हा मोजलं, पुन्हा सातच. अशी अक्षरं कमी पडली की ‘य’चा ‘इय’ करून चरण भरून घ्यावा, असं पिंगलाच्या छंदःसूत्रात सांगितलं आहे, आणि त्याचं ठरलेलं उदाहरण हेच दिलं जातं, वरेणियम्. जपात वरेणियं म्हणावं असं सांगणारी परंपराही आहे. आत्याच्या कवळीने जे केलं ते छंदाला हवंच होतं.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे आठ झाले.’ दुसऱ्या दिवशी पहाटे खिळा रिकामा होता.

बायकांनी आणि निगुऱ्यांनी म्हणू नये

हे संदेशवाल्याने स्वतःच्या मनाने लिहिलेलं नाही. नंतरच्या काळातल्या धर्मशास्त्रांनी बायकांना वेदापासून दूर ठेवलं हे खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच वेदात घोषा आहे, अपाला आहे, लोपामुद्रा आहे आणि दहाव्या मंडलातलं 125 वं सूक्त ज्या वाक् आंभृणीच्या नावावर आहे ती आहे. मंत्र ज्यांना दिसले त्यांत बाया होत्या. मग तो म्हणायला बाई कशी चालत नाही? गायत्री परिवारात गेली कित्येक दशकं बायका उघडपणे ही दीक्षा घेत आहेत, आमच्या माळव्यात तर गल्लीगल्लीत.

गुरूच्या बाबतीत मात्र मी अर्धी सहमत आहे. तंत्रातले बीजमंत्र, विशिष्ट न्यास आणि अनुष्ठानं व्हिडिओ बघून सुरू करू नयेत. तिथे हात धरणारा माणूस लागतो. पण नामाला हे लावू नका. हरिपाठात ज्ञानोबांनी ‘हरि मुखें म्हणा’ हे दोनदा म्हटलं, आणि कोणी म्हणावं कोणी म्हणू नये याची यादी जोडली नाही. जनाबाईने जात्यावर बसून म्हटलं. कृष्णपुऱ्याच्या दत्तमंदिरात गुरुवारी जाऊन बघा, ‘दिगंबरा दिगंबरा’ म्हणताना कोण कोणाला दीक्षा विचारतं?

मोबाइलवर लावून ठेवा

ऐकणं वाईट नाही. मीही स्वयंपाक करताना ऐकते, घर शांत होतं. पण कुकरच्या शिट्टीत आणि पोहे परतताना कानावरून गेलेला मंत्र हा जप नव्हे. योगसूत्रात (1.28) जपाची व्याख्याच अशी आहे की मंत्र म्हणायचा आणि त्याचा अर्थ मनात भरायचा. फोनला मन नाही.

चाळीस दिवसांत गोळी सुटते

इथे मला राग येतो. आमच्या मंडळातल्या एक काकू, बासष्ट वर्षांच्या, त्यांनी गोळी सोडली. बाराव्या दिवशी भाजी निवडता निवडता डोकं गरगरलं, दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी 190 वर 110 होतं. वेळेत नेलं म्हणून निभावलं.

जपाचा शरीरावर परिणाम होतो का? होतो, आणि तपासलाही गेला आहे. 2001 मध्ये इटलीतल्या संशोधकांचा एक अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. 23 निरोगी माणसांना त्यांनी एकदा लॅटिनमधली ‘आवे मारिया’ ही ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली आणि एकदा ‘ॐ मणि पद्मे हुं’. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास संथ झाला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त चांगली प्रतिसाद देऊ लागली. ओळीची लांबीच अशी की म्हणताना श्वास आपोआप लांबतो. आजीच्या वेळेपासून माळ ओढणाऱ्या बायकांना हे अंगाने माहीत होतं. पण ती माणसं निरोगी होती, प्रयोग थोड्या वेळाचा होता, आणि गोळी बंद करा असं त्यात काहीही नाही. जप करा आणि गोळी घ्या. कमी करायची ती डॉक्टर करतील.

11 जणांना पाठवा

आत्याच्या गोमुखीत हात घातला की बाहेरून काही दिसत नाही. मणी कितवा, मेरू, म्हणजे माळेचा टोकाचा मणी, आला की नाही, आज एक माळ झाली की तीन, हे फक्त तिच्या अंगठ्याला आणि मधल्या बोटाला ठाऊक. गोमुखी शिवली जाते ती यासाठीच, की जप करणाऱ्याचा जप दुसऱ्याच्या नजरेला पडू नये. मी तो संदेश पुढे कोणाला पाठवलेला नाही. ज्यांनी मला पाठवला त्या चार ठिकाणी हे उत्तर पाठवते आहे.