लिव्हर आधी नको, आधी स्प्रिंग बघा : उद्यमनगरच्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली, खाली दोन ओळीत उत्तर टाकणार होतो पण मनाला पटेना, म्हणून आज निवांत बसून लिहितोय. बाकीच्यांसाठी आधी सांगतो, मी मागं हेअरस्प्रिंगबद्दल, म्हणजे चावीच्या घड्याळात बॅलन्स नावाच्या चाकाला मागंपुढं झोके देणारी बारीक स्प्रिंग, आपले जुने घड्याळजी जिला बालकमानी म्हणतात, तिच्याबद्दल लिहिलं होतं, त्यावर दादांचं म्हणणं असं की उन्हाळ्यात स्प्रिंग तापून लांब होते म्हणून घड्याळ मिनिटामिनिटानं मागं पडतं हे गणितात बसत नाही, दुसरं म्हणजे टाइम जुळवायला कंपनीनं लिव्हर दिलीच आहे, ती सरकवली की विषय संपला, आणि शेवटी तीनशे रुपयाचं क्वार्ट्झ घड्याळ ह्या सगळ्याला भारी आहे.

पहिल्या मुद्द्यावर तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकीचं लिहिलं. स्टील डिग्रीमागं दहा लाखात बाराएक भाग वाढतं, दहा डिग्री चढली तर लाखात बारा, आणि वेळेवर परिणाम त्याच्या निम्मा कारण वेळ वर्गमुळात जाते, म्हणजे दिवसाला जेमतेम पाच सेकंद. तुमचं गणित मी परत करून बघितलं, बरोबर आहे. पण म्हणून उष्णतेनं घड्याळ मागं पडत नाही असं नाही हां, पडतं आणि चांगलं पडतं, फक्त कारण दुसरं आहे. तापलं की स्टील मऊ पडतं, तुमच्या भाषेत यंग्स मॉड्युलस उतरतो. क्रोनोमीटर म्हणजे जहाजावरची अचूक घड्याळं बनवणारे पॅरिसचे फर्डिनांड बेर्तू यांनी 18 व्या शतकातच ह्याचा हिशोब मांडून ठेवलाय, साधा पितळी बॅलन्स आणि स्टीलची स्प्रिंग असलेलं घड्याळ 0 वरून 33 डिग्रीला नेलं तर दिवसाला 393 सेकंद मागं पडतं, त्यातले 312 स्प्रिंगचा जोर कमी झाल्यामुळं, 62 बॅलन्स व्हील फुगल्यामुळं आणि लांबीचे फक्त 19. वीसात एक वाटा! आणि मी त्या एका वाट्यालाच सगळं कारण करून बसलो होतो. मूळ लेखात दुरुस्ती केलीय, तुमच्यामुळं.

ह्या 312 सेकंदांसाठी माणसांनी काय काय केलंय ते मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडच्या जॉन हॅरिसन नावाच्या घड्याळजीनं 1759 च्या त्याच्या समुद्रावरच्या घड्याळात दोन धातूंची पट्टी घालून स्प्रिंगची चालती लांबी आपोआप कमीजास्त केली, मग बॅलन्सची कडाच दोन धातूंची करून ती कापायची पद्धत आली, जुन्या खिशातल्या घड्याळात कडेला चिरा आणि भोवती बारीक स्क्रू दिसतात ते तेच. आणि मग गियोम. हा माणूस स्वित्झर्लंडच्या एका घड्याळजीचा मुलगा, पण नोकरी पॅरिसजवळ वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत, तिथं मीटरच्या प्रमाण पट्ट्यांसाठी स्वस्तातला धातू शोधता शोधता 1896 ला इन्व्हार सापडलं जे उष्णतेनं जवळजवळ वाढतच नाही, आणि पुढं एलिन्व्हार, ज्याचा जोरच बदलत नाही. 1920 चं फिजिक्सचं नोबेल ह्यालाच मिळालं. 1933 च्या सुमारास स्ट्राउमान नावाच्या स्विस इंजिनिअरचं निव्हारॉक्स हे स्प्रिंगचं मिश्रधातू आलं, नावाचा अर्थच न बदलणारं आणि न गंजणारं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याला बुरशी येते तिथं हे न गंजणारं किती महत्त्वाचं आहे ते वेगळं सांगायला नको, निळ्या स्टीलच्या जुन्या स्प्रिंगवर गंजाचा एक ठिपका पडला की तिथं पट्टी बारीक झाली आणि घड्याळ कायमचं बिघडलं.

बारीक झाली म्हणजे काय होतं ते तुम्ही मशीन शॉपवाले असल्यामुळं लगेच कळेल. स्प्रिंगचा जोर जाडीच्या घनाप्रमाणं जातो. पट्टीची जाडी साधारण तीस मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे तीस हजारांश, धरा, त्यात शंभरात एक भागाचा फरक पडला, म्हणजे मायक्रॉनचा तिसरा हिस्सा, तर जोर तीन टक्के बदलतो आणि घड्याळ दिवसाला साडेएकवीस मिनिटं चुकतं. ग्राइंडिंगला तुम्ही कुठल्या टॉलरन्सला, म्हणजे मापातल्या चालणाऱ्या फरकाला, हात जोडता ते आठवा. म्हणून तर कारखान्यात स्प्रिंगांची आणि बॅलन्सची वर्गवारी करून जोड्या लावतात, कुठलीही स्प्रिंग उचलून कुठल्याही बॅलन्सला बसवत नाहीत, आणि म्हणूनच बाजारात दुसऱ्या घड्याळाची स्प्रिंग काढून बसवून देतात त्याचा मला एवढा राग येतो.

आता लिव्हर. इथं मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

लिव्हरच्या खाली दोन बारीक पिना असतात, स्प्रिंगचा सगळ्यात बाहेरचा वेढा त्या दोघींच्या मधनं जातो. लिव्हर सरकवली की पिना सरकतात आणि स्प्रिंगची चालती लांबी बदलते, लांबीत एक टक्का म्हणजे दिवसाला सात मिनिटं बारा सेकंद. एवढंच तिचं काम. सगळीकडं सारखाच दोन मिनिटाचा फरक येत असेल तर लिव्हर बरोबर औषध आहे, माझा काही विरोध नाही. पण तुम्हीच लिहिलंय की टेबलावर पालथं-उताणं ठेवून सेकंदात आणलं, तरी हातात घातलं की दिवसाला दीड मिनिट मागं जातं आणि चावी उतरत आली की आणखी. तुम्ही त्याला घड्याळाचं वय झालं म्हणता. दादा, ते वय नाही, ते घड्याळ तुम्हाला सांगतंय की पिनांमधली फट जास्त आहे.

कसं ते बघा. घड्याळ आडवं असताना बॅलन्स त्याच्या दांड्याच्या एका बारीक टोकावर फिरतो, घर्षण कमी, झोका मोठा, चावी पूर्ण असली तर 270-300 डिग्री. उभं केलं, म्हणजे हातात बराच वेळ असतं तसं, की दोन्ही बाजूंच्या पिव्हट, म्हणजे दांड्याची टोकं, कडेनं घासतात आणि झोका चाळीसेक डिग्रीनं उतरतो, चावी उतरत आली तरी तो लहानच होतो. झोका मोठा असताना स्प्रिंग जास्त वेळ एका नाहीतर दुसऱ्या पिनेला टेकून असते, म्हणजे तिची लांबी पिनेपासून मोजायची. झोका लहान झाला की ती फटीत मोकळी हलते, पिनेला कमी वेळ टेकते, त्या मोकळ्या वेळात स्प्रिंग थेट स्टडपर्यंत, म्हणजे तिचं बाहेरचं टोक जिथं घट्ट बसवलंय तिथपर्यंत, लांब. लांब म्हणजे घड्याळ मागं. एकाच घड्याळात दोन लांब्या! तुम्ही लिव्हर कुठंही न्या, एक बरोबर आली की दुसरी चुकणार.

हे मला पुस्तकातनं कळलं नाही. वडिलांची एचएमटी जनता आहे, चावीची, तासाला 18000 ठोके, दिवसाला 4 लाख 32 हजार, त्यातले पाच ठोके इकडंतिकडं झाले की एक सेकंद गेला. ती एका दुकानात दिली होती, परत आली तेव्हा आडवी बरोबर आणि हातात पावणेदोन मिनिटं मागं, तुमच्यासारखंच. लिव्हर हलवत मी सहा महिने घालवले. शेवटी कोल्हापुरात पापाची तिकटीजवळच्या एका वयस्कर घड्याळजींकडं नेली, त्यांनी लिव्हरकडं बघितलंसुद्धा नाही, भिंग लावून घड्याळ डोळ्याच्या पातळीत आडवं धरलं आणि म्हणाले, बालकमानी ताटलीसारखी सपाट नाही, एका बाजूला वाकलीय, आणि पिना कुणीतरी फाकवल्यात. धुऊन, वेढे सपाट करून, मध्यावर आणून, पिना इतक्या जवळ घेतल्या की स्प्रिंगच्या दोन्ही बाजूंना नुसता उजेड दिसावा. दोन तास लागले. त्यानंतर आडव्या-उभ्यात फरक वीस सेकंदाच्या आत आला, आणि मग कुठं लिव्हरला हात, तोही एकदाच. त्या दिवशी त्यांचा हात बघून माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं नाही सांगत.

वेढे सगळ्या बाजूंनी सारखे उमलले पाहिजेत ह्यासाठीच पॅरिसच्या ब्रेगे नावाच्या घड्याळजीनं 1795 ला शेवटचा वेढा वर उचलून आत वळवला, आणि ते वळण नेमकं कसं हवं ह्याचं गणित फिलिप्स नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं 1861 ला मांडलं. आपल्या साध्या सपाट स्प्रिंगला ती चैन नाही, म्हणून तिला मध्यावर ठेवण्याची काळजी जास्त.

अजून एक, तुम्ही ग्राइंडरवर मॅग्नेटिक चकशेजारी, म्हणजे जॉब धरून ठेवणाऱ्या चुंबकाशेजारी, उभे असता आणि घड्याळ हातात असतं. अचानक पुढं पळायला लागलं तर आधी ते बघा. निव्हारॉक्स जातीचा धातू गंजत नसला तरी चुंबक पकडतो, वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी होते. तेलाचा थेंब लागला तरी तेच. सिलिकॉनच्या नव्या स्प्रिंगांना हा त्रास नाही, त्यांच्यावर ऑक्साइडचा थर देऊन उष्णतेचाही हिशोब मिटवलाय, पण त्या आपल्या जनताला बसणार नाहीत.

क्वार्ट्झचं म्हणाल तर मान्य, सेकंदाला 32768 वेळा थरथरणाऱ्या स्फटिकापुढं पाच ठोके काय टिकणार, महिन्याला पंधराएक सेकंदच चुकतं ते. स्वित्झर्लंडच्या प्रमाणपत्रवाल्या यांत्रिक घड्याळालासुद्धा दिवसाला 4 सेकंद मागं ते 6 पुढं इतकी सूट असते. पण वडिलांच्या मनगटावर ते क्वार्ट्झ नव्हतं ना, दादा. जे आहे ते जितकं बरोबर चालू शकतं तितकं चालावं, एवढंच माझं मागणं आहे.

तर आता असं करा. आठ दिवस लिव्हरला हात लावू नका. रोज सकाळी एकाच वेळेला पूर्ण चावी द्या, एक दिवस डायल वर, एक दिवस डायल खाली, मग चावीचं बटण खाली करून उभं, मग बटण वर, आणि फरक वहीत लिहा. उभ्याचे दोन आकडे एकमेकांपासूनच लांब गेले तर बॅलन्सचं वजन किंवा स्प्रिंगचं मध्य बघावं लागेल, दोन्ही सारखेच मागं असले तर पिना. आकडे आले की इथंच टाका, आणि रविवारी मोकळे असाल तर घड्याळ घेऊन या, आपण दोघं त्या आजोबांकडं जाऊ.