‘कर्ज डोक्यात असतं’ म्हणे! मग जामीनदाराच्या पगारातून काय कापतात?

गेल्या रविवारी दुपारी धाकट्या बहिणीचा मेसेज आला. “आक्का, हे वाच की. लई भारी लिहिलंय.” खाली तो मजकूर. वर उगवता सूर्य, मधे सिंहाचं तोंड आणि मथळा: ‘कर्जमुक्तीचे ७ मंत्र’. त्याआधी तो मला भिशीच्या ग्रुपवर आला होता, नात्यातल्या ग्रुपवर आला होता, एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर दोनदा पाठवला होता. मी दर वेळी अंगठा दाखवून पुढं गेले होते. पण बहिणीनं खाली आणखी एक ओळ लिहिली होती: “या महिन्याचा हप्ता भरायचा नाही असं ठरवलंय.”

मग मात्र हातातलं भाकरीचं पीठ तसंच ठेवून मी फोन लावला.

मी कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत कर्ज विभागात बावीस वर्षं काढली. काउंटरच्या आतल्या बाजूनं. त्यामुळं हे ‘मंत्र’ कुणाला कुठं नेऊन सोडतात हे मला थकबाकीच्या यादीतून दिसलेलं आहे. ज्यांना मजकूर आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक, कर्ज खिशात नसतं, डोक्यात असतं. दोन, रोज पहाटे ‘मी कर्जमुक्त आहे’ असं पंचावन्न वेळा लिहा. तीन, जिद्दी माणसाचा हप्ता कधी चुकत नाही. चुकला तर समजा तुमची इच्छाशक्ती कमी पडली. चार, कर्ज असताना एक रुपयाही बाजूला ठेवू नका. पाच, सगळ्यात लहान कर्ज आधी संपवा. सहा, घरात कुणाला सांगू नका, नकारात्मक माणसं तुम्हाला मागं ओढतात. आणि सात: सगळे हप्ते सहा महिने थांबवा, बँक आपणहून निम्म्यावर येते, न आल्यास खालच्या नंबरवर ‘कर्जमाफी प्रमाणपत्र’ मिळेल.

सातव्यापासूनच सुरू करते, कारण बाकीचे सहा या एकासाठी रचलेत. पहिल्या सहांत माणसाला हळवं करायचं आणि सातव्यात नंबर द्यायचा. बहिणीनं त्या नंबरवर आधार कार्डाचा फोटो पाठवूनही झाला होता. ‘फाइल फी’ चार हजार नऊशे नव्याण्णव, ती तेवढी भरायची राहिली होती.

असलं प्रमाणपत्र द्यायचा अधिकार कुणाला नाही. हे मी म्हणत नाही, रिझर्व्ह बँक म्हणते. ११ डिसेंबर २०२३ ला तिनं याच प्रकाराबद्दल जाहीर सूचना काढली: काही लोक कर्जमाफीच्या जाहिराती करून, सेवा शुल्क किंवा कायदेशीर फी घेऊन, कसलाही अधिकार नसताना ‘कर्जमाफी प्रमाणपत्रं’ देताहेत, बँकेचं देणं फेडायची गरजच नाही असं लोकांच्या मनात भरवताहेत, त्यांना फसू नका, पोलिसांना कळवा. सूचना मराठी वर्तमानपत्रांतही आली होती. ती कुणी फॉरवर्ड केली नाही, बहुतेक तिच्यावर सिंह नव्हता म्हणून.

आता ‘निम्म्यावर येते’ हे. यात अर्धं खरं आहे आणि तेच घातक आहे. तडजोड होते. बँका करतात, पतसंस्थांत एकरकमी परतफेड योजना असते, मी स्वतः तसले प्रस्ताव टाइप केलेत. पण ती सवलत बुडीत निघालेल्या खात्याला मिळते. चालू खातं मुद्दाम बुडवलं तर काय होतं ते बहिणीच्याच आकड्यांवर बघू. तिच्या क्रेडिट कार्डावर साठ हजार आहेत, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे महिन्याला दोन हजार चारशे अठ्ठ्याहत्तर. सहा महिने काही भरलं नाही तर व्याजावर व्याज चढून रक्कम होते साडेशहात्तर हजारांच्या आसपास, उशिराचा दंड वेगळाच. त्याचं निम्मं अडतीस हजार. ते एकरकमी हवेत, आणि हप्ता भरायला पैसे नसलेल्या माणसाकडं एकरकमी अडतीस हजार कुठून येणार हे मजकूर लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नाही. शिवाय सिबिलला, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडं, खातं ‘बंद’ असं लागत नाही, ‘सेटल्ड’ असं लागतं. पुढं पोराच्या शिक्षणाला कर्ज मागायला गेलात की मॅनेजर स्क्रीनकडं बघतो, मग तुमच्याकडं बघतो आणि म्हणतो, “बघू, वर पाठवतो.”

नुसतं हप्ते थांबवल्यानं काय होतं याची रंगीत तालीम अख्ख्या देशानं केलेली आहे. २०२० मध्ये, मार्च ते ऑगस्ट, बँकांनी हप्त्यांना मुदत दिली होती. किती जण मला म्हणाले असतील, “मॅडम, सहा हप्ते माफ झाले की!” माफ नव्हते झाले. हप्ता थांबला होता, व्याज चालूच होतं. अनेकांना ते कळलं पुढच्या वर्षी, कर्जाची मुदत लांबलेली बघून.

पण मला खरा संताप आला तो याहून वेगळ्या गोष्टीचा. बहिणीच्या यादीत कार्डाशिवाय एका पतसंस्थेचं एक लाख ऐंशी हजार कर्ज आहे. त्याला दोन जामीनदार आहेत. एक आमचे दाजी ज्या फाउंड्रीत आहेत तिथलाच साचे करणारा मोल्डर, शिरोली एमआयडीसीत त्यांच्याच पाळीला. दाजींनी ‘सकारात्मक’ होऊन हप्ते थांबवले की नोटीस त्याच्याही घरी जाते. मग सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला. मग त्याच कायद्याच्या कलम ४९ खाली पगारातून कपात, आणि कपातीचं संमतिपत्र कर्ज घेतानाच सही करून दिलेलं असतं. मी असल्या बायका काउंटरवर बघितल्यात, ज्यांच्या नवऱ्यानं फक्त एक सही केली होती. “आम्ही एक रुपया बी घेतला नाही हो,” एवढंच त्या बोलायच्या, आणि मी रजिस्टर उघडून ती सही दाखवायचे. त्या कामाचा मला पगार मिळायचा, पण ते काम मला कधी आवडलं नाही.

तेव्हा ‘कर्ज डोक्यात असतं’ हा पहिला मंत्र इथंच निकालात निघाला. कर्ज डोक्यात नसतं. ते मोल्डरच्या पगारपत्रकात असतं.

तिसरा मंत्र, जिद्दी माणसाचा हप्ता कधी चुकत नाही. हे लिहिणारा ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापुरात नव्हता, एवढं नक्की. त्या महापुरानंतर आमच्याकडं थकीत गेलेल्यांत पंधरा-पंधरा वर्षं एक तारीख न चुकवणारे लोक होते. चिखलीकडचा एक दूधवाला आठवतो. पूर उतरल्यावर आठवड्यानं आला. रेक्झिनच्या पिशवीत पासबुक, आणि पासबुकाची पानं अशी चिकटलेली की मला फूटपट्टीनं सोडवावी लागली. शाईचे निळे ओघळ. दोन म्हशी गेल्या होत्या. तो म्हणाला, “हप्ता न्हाई जमत बाई. पर ह्ये घ्या, खातं जित्तं ऱ्हाऊ दे.” आणि दोनशे रुपये ठेवले. मी व्यवस्थापकांकडं नेलं, अर्ज लिहून घेतला, हप्त्यांची पुनर्रचना झाली. दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघालं की तो यायचा, कधी दोनशे, कधी पाचशे. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, परत गाडं थांबलं, परत तो आला. त्याचं कर्ज ठरल्यापेक्षा दोन वर्षं उशिरा फिटलं. मंत्राप्रमाणं तो नापास.

उलट ज्यांची कर्जं खरोखर बुडाली, त्यांतले बरेच जण पहिला हप्ता चुकल्यावर यायचेच बंद झाले होते. लाजेनं. महाद्वार रोडला मी समोरून दिसले की पलीकडच्या दुकानात शिरायचे. एक हप्ता चुकला म्हणजे आपण माणूस म्हणूनच कमी पडलो, असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलेलं. हा मजकूर तेच घालतो, वर त्याला ‘प्रेरणा’ म्हणतो. अहो, तारखेच्या आधी चार दिवस काउंटरवर येऊन “साहेब, या वेळी नाही जमणार” म्हणायला जी हिंमत लागते, ती त्या सिंहाच्या फोटोत नाही. आधी आलेल्या माणसासाठी आम्हाला काहीतरी करता यायचं. तीन महिने उलटून खातं एनपीएत, म्हणजे बुडीत कर्जांच्या यादीत, गेल्यावर आमचेही हात बांधलेले असायचे.

चौथा मंत्र, एक रुपयाही बाजूला ठेवू नका. ऐकायला हिशेबी वाटतो: बचतीवर व्याज थोडं, कर्जावर भरपूर, मग बचत कशाला? कागदावर बरोबर आहे. पण बहिणीचं कार्ड साठ हजारांवर गेलं कसं? एप्रिलमध्ये होते तेवढे सगळे पैसे तिनं कार्डात भरले, हिमतीनं. मे महिन्यात सासूबाई घसरून पडल्या, मनगट मोडलं. हातात रोख काही नाही, मग तेच कार्ड परत घासलं. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३. राजाराम बंधाऱ्यावर ३९ झालं की नदीकाठचे लोक जनावरं हलवायला लागतात, कारण मधले चार फूट त्यासाठीच असतात. पाच-सात हजार रुपये घरातले ‘मधले चार फूट’ म्हणून वेगळे ठेवा. पिग्मीत टाका, डब्यात टाका, पण कर्जात भरू नका.

पाचवा मंत्र मला मोडीत काढायचा होता आणि तो निघेना. लहान कर्ज आधी फेडा. माझा जन्म गेला हे सांगण्यात की आधी सर्वांत महाग व्याजाचं फेडा. बहिणीचं मोबाईलचं बारा हजार बिनव्याजी आहे, ते आधी कशाला संपवायचं? मी आकडे मांडले. महिन्याला वरचे तीन हजार कार्डाऐवजी मोबाईलला लावले तर चार महिन्यांत कार्डाचं व्याज साडेसातशेच्या आसपास जास्त जातं. बस्स. एवढ्यात जर एक हप्ता कायमचा बंद होत असेल आणि माणसाला हुरूप येत असेल, तर महाग नाही. कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला नेऊन अंबाबाईच्या फोटोपुढं ठेवणारे लोक मी बघितलेत. तेव्हा हा एक मंत्र मान्य, नाइलाजानं. लहान म्हणजे खरंच लहान असेल तरच. लहान कर्जाला दीड वर्ष लागणार असेल तर मुकाट्यानं कार्ड आधी.

सहावा, घरात सांगू नका. घरात न सांगता काय होतं ते गुजरीत, सराफांच्या पेठेत विचारा, पाटल्या कुणाला न कळता कशा येतात आणि कशा परत जात नाहीत. आणि घरात बोलता येत नाही तो माणूस शेवटी दहा टक्के महिन्यानं देणाऱ्याच्या दारात जातो. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानं विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडं होते. पण तक्रार करायला आधी घरात कळायला लागतं ना! वसुलीच्या फोनांचंही तेच. बँकेच्या माणसानं सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. बहीण रात्री साडेनऊला बाथरूममध्ये जाऊन ते फोन घेत होती. दाजींना पत्ताच नव्हता.

राहिला दुसरा. पंचावन्न वेळा लिहायचा. पंचावन्नच का, हे मी तिला विचारलं. तिला माहीत नव्हतं. तिची शंभर पानी वही मी सोमवारी बघितली. सुंदर अक्षर आहे, शाळेत बक्षीस मिळायचं तिला. पान भरून ‘मी कर्जमुक्त आहे’, ‘मी कर्जमुक्त आहे’, आणि कार्डाचं स्टेटमेंट न उघडता त्याच वहीत घडी करून ठेवलेलं.

तेच स्टेटमेंट आम्ही उघडलं. वही उलटी करून मागच्या पानावर चार रकाने आखले: कुणाचं, किती, व्याज, जामीनदार कोण. दाजी चहा घेऊन शेजारी बसले. पहिल्या दहा मिनिटांत एकही शब्द बोलले नाहीत, मग म्हणाले, “पतसंस्थेचा आधी. त्या मोल्डरला माझ्यामुळं त्रास नको.” पतसंस्थेचा हप्ता पाच तारखेला आहे. कार्डवाल्यांना थकबाकीचे मासिक हप्ते करून द्या म्हणून बहिणीनं मेल पाठवलाय, उत्तर अजून यायचंय. त्या नंबरवाल्याचा मात्र कालपासून तीनदा फोन येऊन गेला, फाइल फीला आता सवलत आहे म्हणे.