पैशाचं चीज

वाइन आणि चीजची जोडी कशी जमवावी यावर लिहिणाऱ्या मंडळींनी महिनाअखेर कधी पाहिलेली नसावी. सल्ल्याची सुरुवातच मुळी ‘रोकफोरसोबत सोटर्न उघडा’ अशी, आणि तीही दोन्ही घरात पडून असल्याच्या थाटात. रोकफोर म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या गुहांत मुरलेलं, मेंढीच्या दुधाचं, निळ्या बुरशीचं चीज. १९२५ साली त्याच्या नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं. तेव्हापासून ते नाव दुसऱ्या कुणाला लावता येत नाही आणि किमतीला आम्हाला हात लावता येत नाही. सोटर्न ही फ्रान्समधल्याच बोर्दोकडची गोड वाइन. तिच्या द्राक्षांनाही आधी मुद्दाम बुरशी धरू देतात, मग वेचतात. बुरशीचं म्हणाल तर आमच्या फ्रिजमध्ये ती फुकट येते. तिचं कौतुक मात्र कुणी करत नाही.

तर पाहुणे यायचे होते आणि ‘स्वयंपाकाची कटकट नको, नुसतं वाइन-चीज ठेवू’ हा ठराव आमच्या घरी माझ्या गैरहजेरीत मंजूर झाला. पैशांचं विचारलं तर उत्तर आलं, “बघ की काहीतरी.” ही खास आमच्या घरची अर्थसंकल्पीय तरतूद.

चीजच्या काउंटरवर पाटीवरचा भाव १०० ग्रॅमचा असतो आणि विक्रेत्याचा हात कायम पाव किलोचा. मी दोन बोटं दाखवून म्हटलं, “एवढंच.” त्यानं सुरी टेकवली ती चार बोटांवर. “अलीकडे,” मी म्हटलं. सुरी केसभर सरकली. “अजून?” “अजून.” मागे उभ्या असलेल्या बाईंनी असा काही सुस्कारा टाकला की त्यात माझं सगळं बँक खातं वाचल्याचा भाव होता. शेवटी निळ्या चीजची जी चकती हाती आली ती उजेडात धरली असती तर पलीकडचं दिसलं असतं. तिच्या जोडीला मुरलेल्या चेडरचा एक ठोकळा घेतला. चेडर तुलनेनं गरिबाचं ऐकतं.

आता वाइन. चीज म्हटलं की रेडच हवी, हे कुणी ठरवलं कोण जाणे. स्वस्तातली रेड बहुधा तुरट. द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं आणि जीभ कोरडी ठाक पडते. त्यावर ब्री नावाचं मऊ चीज खाल्लं तर तोंडात नाणं ठेवल्यासारखी चव येते. मग खिशातलंच नाणं ठेवलेलं काय वाईट? तुरट रेडला चेडरसारखं कडक, स्निग्ध चीज बरं सांभाळून घेतं. पण खरी गरिबाची कैवारी म्हणजे आंबटसर व्हाइट. तिचा आंबटपणा चीजचा तेलकटपणा कापतो आणि बहुतेक चीजांशी ती जुळवून घेते. मी एकच बाटली घेतली, व्हाइट. सोटर्नचं काम मधावर सोपवलं: खारट निळ्या चीजवर मधाचा थेंब टाकला की गोड-खाऱ्याची तीच गंमत साधते, आणि मधाची बाटली पुढची काही वर्षं टिकते.

दुसरी फुकटची युक्ती थंडीची. गारठ्यात चव दबते. म्हणून चीज पाहुण्यांच्या तासभर आधी बाहेर काढायचं आणि हलक्या प्रतीची वाइन शेवटच्या क्षणापर्यंत आत ठेवायची. एकाचे गुण उघडे पाडायचे, दुसरीचे झाकायचे.

लेबलही झाकायचं होतंच. त्याला थोर परंपरा आहे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये लेबलं लपवून वाइन चाखायला दिल्या, तेव्हा फ्रेंच परीक्षकांनी रेड आणि व्हाइट दोन्हींत पहिला नंबर कॅलिफोर्नियाला देऊन टाकला. एवढा भक्कम दाखला हाताशी असल्यावर मी बाटली स्वयंपाकघरातच काचेच्या जगमध्ये रिकामी केली. फिरकीचं झाकण उघडताना होणारी करकर बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला.

पाहुण्यांत एक जाणकार निघालेच. प्रत्येक पार्टीत असतात. त्यांनी ग्लास गरागरा फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “ओला दगड... आणि मागे कुठेतरी हिरवं सफरचंद.”

“अगदी!” मी म्हटलं. अशा वेळी दुसरं काही बोलू नये.

“कुठली आहे?”

“ओळखा पाहू.”

त्यांनी अशा एका गावाचं नाव घेतलं जिथली बाटली घ्यायला मला काहीतरी गहाण टाकावं लागलं असतं. मी नुसता हसलो. त्या हसण्याचा त्यांनी ‘होय’ असा अर्थ लावला, त्याला माझा इलाज नव्हता. मध घातलेली निळी चकती तर मिनिटात संपली. तिची जाडी पाहता मिनिट पुष्कळच झालं.

जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला. “पुढच्या महिन्यात आमच्याकडे. आणि चीजचं तुम्हीच बघा हं, तुमची निवड फार वरच्या दर्जाची आहे. वीसेक माणसं असतील.”